बंदीच्या दिवसांतला सौदा

"कागद तुका कळतत, लाकूड माका कळता. दोघां मिळान एक शाणो माणूस होता," असं म्हणून दादानं माझं सावंतवाडी–दिवा पॅसेंजरचं तिकीट परस्पर काढलं आणि मला हो-नाही करायला जागाच ठेवली नाही. दादा माझा मामेभाऊ. वय सत्तावन्न, त्यातली चाळीस वर्षं मालवणच्या दर्यावर. माझी तीस वर्षं बँकेत गेली. सिंधुदुर्ग किल्ल्यावर पाहुण्यांना न्यायचं असेल तरच मी होडीत बसतो, तेही काठ घट्ट धरून. अशा माणसाला बरोबर घेऊन दादा हर्णैला होडी विकत घ्यायला निघाला होता. दिवस होता १४ जुलै २०२५.

दादाची स्वतःची होडी २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात फुटली. तेव्हापासून तो दुसऱ्याच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून जात होता. चार वर्षं वाट्यातला वाटा जपून ठेवला, वैनीच्या पाटल्या मोडल्या, पतपेढीचं कर्ज मंजूर करून घेतलं. सगळं मिळून त्याच्याकडे सव्वापाच लाख जमले होते. हा आकडा फक्त त्याला, वैनीला आणि मला ठाऊक होता. "हर्णैत कोणी इचारल्यान तर साडेतीन सांग," अशी मला गाडीत ताकीद मिळाली.

मालवणात होड्या नाहीत असं नाही. पण गावात होडी बघायला गेलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाड्याला कळतं, आणि घेणाऱ्याची गरज कळली की भाव चढतो. परक्या बंदरात गरज तेवढी दिसत नाही. शिवाय रत्नागिरीकडच्या ओळखीच्या एका तांडेलाने निरोप दिला होता: आंजर्ल्याच्या खाडीत बत्तीस फुटी लाकडी बोट आहे, मालक विकतोय, ऑगस्टच्या आत विकायची आहे. "ऑगस्टच्या आत" हे तीन शब्द दादाने फोनवर मला दोनदा ऐकवले होते.

त्याचं कारण कोकणातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या प्रजननाचे दिवस आणि खवळलेला दर्या, अशी दोन्ही कारणं त्यामागे आहेत. या दोन महिन्यांत होडी किनाऱ्यावर आणि मालक घरात. आवक शून्य, खर्च मात्र चालू. म्हणून होडी विकत घ्यायची तर या दिवसांत घ्यावी असं सगळे सांगतात. होडीचं पोट उघडं दिसतं आणि मालकाचंही.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक म्हणजे गाडीने जपून चालायचं आणि आपण बाहेर बघत बसायचं. तीनच दिवसांपूर्वी मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले होते, समोरच्या बाकावरच्या मास्तरांच्या पेपरात अजून त्याचंच कौतुक चालू होतं. यादीत आमचा सिंधुदुर्ग होता आणि आम्ही निघालो होतो तिथला सुवर्णदुर्गही. "एका वारशातून दुसऱ्या वारशात निघालात की!" मास्तर हसून म्हणाले. दादाने गंभीरपणे विचारलं, "यादीत गेल्यार किल्ल्यांका डिझेलचो परतावो गावता काय?" पुढचा अर्धा डबा हसत होता.

दुपार कलता कलता खेडला उतरलो. तिथून दापोलीची एसटी, दापोलीतून हर्णैची. आसूदचा उतार लागला तेव्हा सुपारीच्या बागांवर पाऊस असा पडत होता की रस्ता कुठला आणि ओहोळ कुठला ते ड्रायव्हरलाच माहीत.

हर्णै मी याआधी पाहिलं होतं ते भरात असलेलं. संध्याकाळी किनाऱ्यावर माशांचे ढीग, भोवती बोली लावणाऱ्या बाया, लांब उभ्या बोटींतून माल आणायला थेट पाण्यात शिरणाऱ्या बैलगाड्या. आता त्याच वाळूवर एक कुत्रं आणि आम्ही दोघे. लिलाव नाही, गाड्या नाहीत, बोटीही नाहीत. समोर सुवर्णदुर्ग पावसात मधूनच दिसत होता, मधूनच पुसला जात होता. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे बलाढ्य ठाणं. १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने ते तुळाजी आंग्र्यांकडून घेतलं. घरच्या भांडणात बाहेरच्याला बोलावलं की तो पुढे काय काय घेऊन जातो, याचा धडा या किल्ल्याइतका दुसऱ्या कुठल्या किल्ल्याने दिला नसेल. दादाने मात्र किल्ल्याकडे पाहिलं ते वेगळ्याच नजरेने. "वारो नैऋत्येचो. हय बंदर उघडा आसा. म्हणान होडये खाडीत."

खरं होतं ते. हर्णैचं बंदर उघड्या दर्यावर आहे. वारा फिरला की इथल्या बोटी जवळच्या आंजर्ले खाडीचा, जोग नदीच्या मुखाचा, आसरा घेतात. आमची बोटही तिथेच होती. रात्री पाजपंढरीत एका घरी उतरलो. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. बंदीच्या दिवसांत मच्छीमाराच्या घरी ताजा मासा नसतो, हे शहरातल्या माणसाला सांगितलं तर पटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अडखळच्या बाजूला खाडीकाठी गेलो. तिथे ओळीने बोटी वर ओढून ठेवल्या होत्या, माडाच्या ओंडक्यांवर टेकलेल्या, वर झावळ्या आणि त्यांवर निळं प्लास्टिक. एकाच वस्तूला इथे तीन नावं. कागदात नौका, हर्णैत बोट, दादाच्या तोंडी होडी. मालक पन्नाशीचा, अंगाने बारीक, कमी बोलणारा. बरोबर त्याचा पुतण्या, आणि निरोप देणारा तांडेल, ज्याला सौदा झाला तर पाच हजार मिळायचे होते आणि जो म्हणून दोन्हीकडून बोलत होता.

मालकाने प्लास्टिक बाजूला केलं. दादाने होडीकडे पाहिलंही नाही. तो थेट फळीवरून चढून आत गेला आणि इंजिनाच्या डोक्यावर तळहात ठेवला. पाच-सहा सेकंद ठेवला. मग हात काढून लुंगीला पुसला, मालकाकडे बघून हसला आणि म्हणाला, "आज लाकूड बघू. इंजिन उद्या सकाळी, उजाडता उजाडता."

मालकाचा चेहरा किंचित उतरला. पुतण्या दुसरीकडे बघू लागला. मला काही कळेना. परत जाताना दादाने सांगितलं, इंजिन गरम होतं. आम्ही येण्याआधी तासभर कुणीतरी चालवून ठेवलं होतं. डिझेलचं म्हातारं इंजिन एकदा गरम झालं की एका दमात चालू होतं. त्याची खरी रड ते गार असताना कळते. "आंघोळ करून बसलेल्या नवऱ्याक काय बघूचा? झोपेतसून उठतलो तेव्हा बघूचा."

त्या दिवशी लाकूड मात्र दोन तास बघितलं. मी छत्री धरून उभा, दादा खाली वाकलेला. त्याने खिशातून पेचकस काढला आणि त्याच्या मुठीने एकेका फळीवर ठोकत निघाला. ठक, ठक, ठक. प्रत्येक ठोक्यानंतर डोकं थोडं कलतं करून ऐकायचं. फळ्या सागाच्या, आतले वाक, म्हणजे होडीच्या बरगड्या, बाभळीचे. निरोगी सागाचा आवाज कोरडा, टणक, घरच्या जुन्या दारावर बोटं वाजवल्यासारखा. नाळेकडून तो मागे सरकत गेला तसा माझ्याही कानाला तो आवाज ओळखीचा झाला. म्हणून तो बदलला तेव्हा मीही चमकलो. मागच्या बाजूला, पंख्यापासून हातभर पुढे, पठाणाला, म्हणजे तळाच्या कण्याला, लागून, आवाज भद्द झाला. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. तिथे रंगाखाली फायबरचं ठिगळ होतं, परातीएवढं.

दादाने पेचकसाचं टोक ठिगळाच्या कडेला अलगद टेकवलं, दाबलं नाही. दुसऱ्याच्या मालावर भोक पाडायचं नसतं. नुसतं मालकाकडे बघितलं.

"दोन वर्षं झाली," मालक म्हणाला. "खाडीच्या तोंडाशी गाळ आहे ना, ओहोटीला आत घेताना बूड टेकलं. फळीला चीर गेली. हंगाम चालू होता, म्हणून फायबर मारलं."

"फळी बदलली नाय?"

"नाही."

खाडीच्या तोंडावरच्या गाळाचं गाऱ्हाणं आदल्या रात्री आम्ही जेवतानाही ऐकलं होतं. वादळात आसरा शोधत येणारी बोट नेमकी आसऱ्याच्या दारात टेकते, हे इथलं रोजचं दुखणं. पण दादाचा मुद्दा निराळा होता. लाकडावर फायबर मारलं की बाहेरचं पाणी थांबतं, तसं आतलं पाणीही आतच राहतं. लाकूड खारं पाणी सोसतं, पावसाचं गोडं पाणी सोसत नाही, कुजतं. ठिगळाखाली हातभर फळी गेली असणार, वाक गेला की नाही हाच प्रश्न होता. दादा आत उतरला, बुडाच्या फळ्या उचलल्या, त्या जागचा वाक पेचकसाने टोचून बघितला. टोक रुतलं नाही. वाक शाबूत होता.

चांगलंही बरंच होतं. बुडाचं बूच काढून ठेवलेलं, म्हणजे आत पावसाचं पाणी साचू दिलेलं नव्हतं. फळ्यांच्या सांध्यांतला कापूस आणि लुकण घट्ट होतं. दोन-चार ठिकाणी खिळ्यांभोवती गंजाचे काळे डाग होते, पण तेवढे या वयाच्या होडीला असायचेच. "जुलैत सांधो बंद दिसता," दादा मला शिकवत होता, "कारण हवेत ओल. मेच्या उन्हात तोच सांधो उघडता. म्हणान दिसणा नाय म्हणजे नाय असा नाय." मी मान डोलावली. बँकेत मार्चअखेरची शिल्लक बघून कर्ज देणाऱ्यांना हीच गोष्ट सांगायची राहून गेली होती.

दुपारी माझी पाळी. मालकाच्या पडवीत बसून मी कागद पसरले. नोंदणीचं प्रमाणपत्र, मासेमारीचा परवाना, विमा, मच्छीमार संस्थेचं खातं. होडीच्या सौद्यात लाकूड आणि लोखंड दिसतं, पण अर्धी किंमत कागदाची असते. नोंदणी आणि परवाना नावावर झाल्याशिवाय होडी मासेमारीला नेता येत नाही, आणि संस्थेमार्फत मिळणारा डिझेलचा परतावाही मिळत नाही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून आले, तेव्हापासून होडीचा नंबर, कागद आणि खलाशांची ओळखपत्रं हे सगळं दर्यावरही तपासलं जातं. पूर्वीसारखं "होडी घेतली, नाव रंगवलं आणि निघालो" राहिलेलं नाही.

कागद बघताना मला एक खोड आहे. मी वाचत नाही, ताडून बघतो. पावसात परत खाडीवर गेलो, टॉर्च मारून इंजिनाच्या अंगावर कोरलेला नंबर उतरवून आणला आणि प्रमाणपत्रावरच्या नंबराशी जुळवला. जुळला नाही. शेवटचे चारही आकडे वेगळे.

"इंजिन बदललंय," मालक म्हणाला. "चार वर्षं झाली. त्याची पावती आहे. मत्स्यव्यवसाय खात्यात नोंद करायची राहिली."

राहिली म्हणजे काय, ते मी त्याला नीट समजावलं. कागदावर ज्या इंजिनाची होडी विकली जाईल, ते इंजिन जगात नाही. उद्या हस्तांतरणाचा अर्ज केला तर तपासणीला येणारा माणूस हेच बघेल, अर्ज अडेल, आणि होडी कुणाच्याच नावावर धड राहणार नाही. आधी इंजिनबदलाची नोंद तुम्ही करा, मग आमच्या नावावर. मालक ऐकत होता. आतल्या दारात त्याची बायको येऊन उभी राहिली होती, तीही ऐकत होती. दादाने मला गुपचूप चिमटा काढला. शाबासकीची त्याची ही रीत लहानपणापासूनची.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला आम्ही खाडीवर. पाऊस उघडला होता. पुतण्याने पाण्याने भरलेलं पिंप आणलं, इंजिनाला थंड करणाऱ्या पाण्याचा पाइप त्यात सोडला, नाहीतर जमिनीवर इंजिन मिनिटभरातच तापायचं. दादाने पुन्हा आधी हात लावला. गार. तेलाची पट्टी ओढून बघितली, तेल काळं होतं पण दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नव्हतं. मग मान हलवली.

पहिल्या झटक्याला नुसता खोकला. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला इंजिन धडधडलं आणि पांढऱ्या धुराचा लोट खाडीवर गेला. आम्ही चौघेही त्या धुराकडे बघत उभे होतो, गणपतीच्या आरतीला उभे राहावं तसे. निळा धूर निघाला तर इंजिन तेल पितंय. काळा निघाला तर डिझेल अर्धवट जळतंय. पांढरा सुरुवातीला चालतो, पण टिकता कामा नये. मिनिट गेलं, सव्वा मिनिट गेलं, धूर विरळ झाला, मग हवा स्वच्छ. तीन सिलेंडरांचा एकसारखा ठेका. "नॉझल साफ करूक व्हयी. बाकी माणूस बरो आसा," दादा माझ्या कानात म्हणाला. पंखा दोन्ही हातांनी धरून त्याने हलवून बघितला. थोडा खेळ होता, फार नाही.

मग भाव. पडवीत चहा आला. मालक म्हणाला, "साडेसहा." दादा काही बोललाच नाही. पावसाबद्दल बोलला, बांगडा उशिरा लागतो त्याबद्दल बोलला, एलईडी दिवे लावून मासे मारणाऱ्यांना दोघांनी मिळून शिव्या दिल्या. वीस मिनिटांनी दादा म्हणाला, "चार." मालक उठला, "बोटीवर प्लास्टिक टाकून येतो," म्हणाला आणि खरंच खाडीकडे निघून गेला. मला वाटलं, संपलं. दादा शांतपणे बशीत चहा ओतत होता. प्लास्टिक टाकायला गेलेला माणूस परत येतो, न येणारा माणूस पाहुण्याला आधी एसटीची वेळ सांगतो, असं त्याचं शास्त्र.

मालक परत आला. सहा. सव्वाचार. जाळी धरून सहा. जाळी नको, जीपीएस आणि वायरलेस ठेवा, साडेचार. पावणेसहा. ठिगळाची फळी, नॉझल, इंजिनाची नोंद, सगळा खर्च आम्हाला, चार पासष्ट. मध्यस्थ तांडेल दोन्हीकडे मान हलवून हलवून थकला. दोन्ही माणसं आपापल्या जागी रुतली. होडी टेकते तशी.

तेव्हा मालकाची बायको बाहेर आली. हातात शाळेची दोनशे पानी वही. समुद्र नवऱ्याचा आणि हिशेब बायकोचा, ही कोळीवाड्यातली जुनी वाटणी. मासा विकते ती, तेव्हा पैसा मोजतेही तीच. ती दादासमोर बसली, वही उघडली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही दर्यावरचे आहात, म्हणून सांगते. आमची दुसरी बोट आहे, ती मोठी. तिचे खलाशी ठरलेत. त्यांची उचल एक लाख तीस हजार. संस्थेत डिझेलची उधारी पंचेचाळीस. पंचवीस तारखेच्या आत उचल गेली नाही तर ती माणसं दुसऱ्या मालकाकडे जातील, मग मोठी बोटही किनाऱ्यावर. ही विकतोय ती तिला पाण्यात घालण्यासाठी."

बंदीच्या शेवटच्या आठवड्यांत खलाशांना उचल दिली नाही तर हंगामाला माणूस मिळत नाही. कोकणातल्या बोटींवर आता नेपाळपासून कर्नाटकापर्यंतची माणसं असतात. ती गावी जातात, पैसे जो आधी पाठवेल त्याच्याकडे परततात. बाईने जे सांगितलं त्यात काही लपवाछपवी नव्हती. पण सौद्यात असं सांगायचं नसतं, एवढं मला कळत होतं. माझ्यातला बँकवाला ताडकन जागा झाला. दादाला बाजूला नेऊन मी म्हणालो, "आज १६ तारीख. त्यांना पंचवीसला पावणेदोन लाख हवेत. आपण आज उठून जायचं. बावीसला फोन करायचा. साडेचारला मिळेल."

"मिळात," दादा म्हणाला. "चारालाय मिळात."

"मग?"

"मगे होडी समुद्रात घालतलय मी. तिची कळ खय, दुखणा खय, ता ठाऊक कोणाक? त्याका. चाराक दिल्यान तर तो माका एक शब्द सांगूचो नाय. मी काय दर्यात गेल्यार शोधू?"

मी गप्प बसलो. चाळीस वर्षांच्या अनुभवापुढे माझं गणित चुकलेलं नव्हतं, अपुरं होतं.

दादा परत येऊन बसला आणि त्याने भाव सोडून दिवस बोलायला सुरुवात केली. "वैनी, पाच दहा देतंय. पण माझी रीत. आज पंचवीस हजार इसार. इंजिनाची नोंद करण्याचा अर्ज तुम्ही या आठवड्यात टाकायचा, संस्थेची उधारी आमच्या पैशांतून तिथल्या तिथे फेडायची, आणि बावीस तारखेला मी पावणेदोन लाख पाठवतंय. उरलेले तीन लाख दहा हजार होडी पाण्यात उतरल्यावर, माझ्या डोळ्यांदेखत, आणि हस्तांतरणाच्या कागदांवर सह्या झाल्यावर. उतरल्यावर वाक तुटलेलो निघालो तर पैसे परत."

बाईने वहीत आकडे मांडले. दोन लाख आत्ता, तीन दहा नंतर. नवऱ्याकडे बघितलं नाही, त्यानेच तिच्याकडे बघितलं. "जीपीएस देऊ," ती म्हणाली, "वायरलेस नाही. मोठ्या बोटीचा बिघडलाय." दादाने हात पुढे केला. मी साध्या कागदावर इसारपावती लिहिली. होडीचा नंबर, इंजिनाचे जुना-नवा दोन्ही नंबर, ठिगळाचा उल्लेख, पैशांचे तीन टप्पे. दोन साक्षीदारांत एक मी, एक तांडेल. त्याचे पाच हजार दोघांनी अर्धे अर्धे दिले.

आता निघायचं, एवढ्यात मालक म्हणाला, "दादा, जरा खाडीवर चला." तिघेही गेलो. त्याने प्लास्टिक पुन्हा बाजूला केलं आणि दादाचा हात धरून होडीच्या डाव्या अंगाला नेला, पुढून तिसरी फळी, पाण्याच्या रेषेच्या चार बोटं वर. "भरलेली असताना, दर्या आडवा असेल तर इथून पाणी घेते. ठोकून कळणार नाही, लाकूड चांगलं आहे. सांधा हलतो. दर वर्षी मी इथला कापूस नवा भरतो, या वर्षी भरलेला नाही." मग इंजिनाकडे वळून, "डिझेलची गाळणी कंपनी सांगते त्याच्या निम्मे तास झाले की बदला, टाकीच्या तळाला गंज आहे." दादा ऐकत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने माझ्याकडे बघण्याचं मुद्दाम टाळलं.

बंदी ३१ जुलैला संपली. नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला झाली, पण होडी लगेच आणता आली नाही. ऑगस्टच्या मध्यावर पावसाने किनारा धुऊन काढला. इंजिनबदलाची नोंदही तोवर व्हायची होती. दोन्ही उरकल्यावर दादा दोन खलाशी आणि एक सुतार घेऊन आंजर्ल्याला गेला. सुताराने ठिगळ काढलं. आतली फळी हातभर कुजलेली निघाली, वाक शाबूत. तेवढी नवी फळी बसवली, तिसऱ्या फळीच्या सांध्यात नवा कापूस भरला, होडी भरतीला पाण्यात घातली. उरलेले पैसे त्याच दिवशी दिले. आंजर्ल्याहून मालवण समुद्रमार्गे साधारण ११० सागरी मैल. सहा-सात नॉटच्या वेगाने सोळा-सतरा तास. चतुर्थीच्या तीन दिवस आधी होडी मालवणच्या धक्क्याला लागली. वाटेत देवगडच्या पुढे दर्या आडवा झाला, पण आत पाणी आलं नाही.

बंदीत होडी घ्यायला निघणाऱ्याला माझं सांगणं थोडकंच आहे. आधी इंजिनाला हात लावा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत परत या. फळ्या ठोकून कानाने बघा. कागदावरचा नंबर लोखंडावरच्या नंबराशी जुळवा. निम्म्याहून जास्त पैसे होडी पाण्यात उतरेपर्यंत हातात ठेवा. आणि मालक अडलेला आहे हे कळल्यावर शेवटचे पन्नास-साठ हजार ओढायला बसू नका. त्या पैशांत तिसऱ्या फळीची माहिती येते.